दोकियाच्या उंबऱ्यावरचं पाणी

बुधवार, १२ मार्च

सफ्ता आज गल्लीत मला भेटली आणि बोलली नाही!

उजाडत होतं. ओढ्यावरचं धुकं वर आलेलं. मी प्रार्थना आटोपून पाय मोकळे करायला निघालो होतो, तर ती समोरून येत होती. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या. "एवढ्या लवकर कुठे गं?" मान खाली घातली आणि माझ्या शेजारून निघून गेली. ओळख नसल्यासारखी. ही माझी बायको! भांडतानासुद्धा जिला गप्प राहणं जमत नाही ती.

घरी विचारलं. म्हणे, "ऐकू आलं नसेल." पोटमाळ्यावर उंदीर फिरला तरी हिला ऐकू येतं. माझा घसा हल्ली बसलेला असतो, मान्य. पण इतका नाही.

आणि पाणी कशाला? विहीर आमच्या अंगणात आहे.

शुक्रवार, १४ मार्च

मातीवर सांडलेल्या थेंबांची ओळ धरून गेलो. झऱ्यापासून सुरू होते आणि म्हाताऱ्या दोकियाच्या फाटकाशी संपते. दोकियाचा उंबरा ओला. दोकियाच्याही अंगणात विहीर आहे, चांगली गोड पाण्याची.

म्हणजे तेच! मला सांगायला कोणी नको. याच गावात, जुन्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या सावलीत वाढलोय मी. माणूस मेला की त्याच्या नावाने चाळीस दिवस पहाटे झऱ्याचं पाणी दुसऱ्याच्या दारात नेऊन द्यायचं. वाटेत अवाक्षर काढायचं नाही. शेवटच्या दिवशी ओढ्यावर पाणी "सोडायचं": नाव मोठ्याने घ्यायचं, साक्षीदार मागायचा. मग म्हणे ते पाणी मेलेल्याला तिकडे पोचतं. तहान भागते त्याची!

हे माझ्या घरात! या भागातल्या एकूण एक बाप्तिस्त मंडळ्यांमध्ये पाळक म्हणून प्रवचनाला उभं राहून मी ज्या प्रथेच्या चिंध्या केल्या, ती पहाटे माझ्याच दारातून बादल्या घेऊन बाहेर पडते.

शनिवार, १५ मार्च

विचारलं नाही. आधी खात्री.

रविवार, १६ मार्च

स्वर्गावरच्या प्रवचनमालेतलं दुसरं. उपासनाघर भरलेलं. आवाज फाटला, पण शब्द फाटले नाहीत. म्हणालो — स्वर्ग म्हणजे तुरुंग नव्हे, की नातेवाइकांनी फाटकाशी डबा आणून द्यावा! तिथे जो आहे तो ख्रिस्ताच्या रक्ताने आहे. त्याला काही कमी नाही. जो तिथे नाही, त्याला तुमच्या उकडलेल्या गव्हाने, मेणबत्तीने, घागरीने तिथे ढकलता येत नाही. आज जगा नीट! आज खोटं बोलू नका, आज शेजाऱ्याचं कुंपण सरकवू नका, आज गुडघे टेका. मेल्यावर दार बंद. आतून बंद!

यातला शब्द न् शब्द मी मानतो. तीन भाषांतली पुस्तकं वाचून, विरुद्ध बाजूची सुद्धा वाचून मग मानतो. स्वर्गाची मला शंका नाही. माणसांची आहे.

बोलताना सफ्ताकडे पाहत होतो. ती माझ्याकडे पाहतच नव्हती. व्यासपीठावरच्या पेल्याकडे पाहत होती. पाण्याचा पेला दर रविवारी तीच ठेवते. मी पीत नाही. वक्त्याने मधेच पाणी प्यायलं की ऐकणाऱ्यांची पकड सुटते.

मागे शेगडीपाशी लुक्रेत्सिया एकटी बसली होती. गेल्या वर्षी नवऱ्याच्या थडग्यावर मेणबत्ती लावली म्हणून तिला प्रभूच्या मेजावरून उठवलं, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर बंद केली. मीच उठवलं. तरी दर रविवारी येते, मागे बसते, भाकरीचं ताट पुढून फिरताना मान वळवते. तिला एक न्याय आणि माझ्या बायकोला दुसरा?

बुधवार, १९ मार्च

घसा. गरम दूध, मध, काही उपयोग नाही.

गेल्या महिन्यात तिर्गु-जिऊ शहरातल्या डॉक्टरने नळी घालून पाहिलं होतं. मग मला बाहेरच्या बाकावर बसवून सफ्ताला आत घेतलं. बराच वेळ. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "कमी बोल म्हणतात. बाकी काय, शिक्के आणि कागद." त्या डॉक्टरच्या भिंतीवर जुन्या चर्चवाल्यांची, संतांची सोनेरी तसबीर होती. पाळकाला "कमी बोल" सांगताना मनातून बरंच वाटलं असेल त्याला!

शुक्रवार, २१ मार्च

ती घराबाहेर गेलेली असताना कपाट उघडलं. साबिनचा निळा मग पाहायला. पाण्याबरोबर भांडंही द्यावं लागतं, हे मला लहानपणापासून आठवतं. मेलेल्याने वापरलेलं भांडं.

निळा मग जागेवरच आहे. तो ती शेवटच्या दिवशी देणार. खात्री झाली.

साबिन — आमचा मुलगा. परदेशी, तोरिनोला बांधकामावर गेला. परांचीवरून पडला आणि पेटीत घरी आला. त्याने बाप्तिस्मा घेतला नव्हता. "बघू, बाबा" म्हणायचा, हसायचा. थडग्यापाशी सगळं गाव माझ्या तोंडाकडे पाहत होतं, की स्वतःच्या पोराला तरी हा स्वर्गात घालतो का! मी जे शास्त्र मला बोलू देतं तेच बोललो. "तो कुठे आहे, मला माहीत नाही. देवाला माहीत आहे." आजही तेच म्हणेन.

सफ्ता त्यावर कधी एक शब्द बोलली नाही. आता तीन वर्षांनी बादल्या बोलतायत. तिला वाटतं, पोरगा तिकडे तहानलेलाय. आणि त्याला तिथे मी पाठवलं!

जाता जाता — माझाच मग कपाटात नाही. पांढरा, कान तुटलेला. विचारलं तर म्हणाली, "फुटला." बरणीतून चहा प्यायलो.

मंगळवार, २५ मार्च

आमच्या मंडळीचे एक ज्येष्ठ कारभारी, ओनिसिम, येऊन गेले. टोपी हातात, आवाज लोण्यासारखा.

"बंधू सेवेर, लोक बोलतायत."

"काय बोलतायत?"

"ते मी कसं सांगू? भगिनी सफ्ताबद्दल आहे."

"सांगायचं नव्हतं तर टेकडी चढून आलात कशाला?"

मग सगळं बाहेर आलं. कोणी पाहिलं, कोणत्या वळणावर पाहिलं, बादल्या कोणत्या. म्हणजे हेही पाळत ठेवून! शेवटी म्हणाले, "तुम्ही थकलाय. घसाही बरा नाही. काही दिवस प्रवचन मी सांभाळीन म्हणतो." आलं लक्षात. दहा वर्षं त्या व्यासपीठाकडे ज्या नजरेने पाहतायत, ती मला पाठ आहे.

मी म्हणालो, ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी, प्रभुभोजनाच्या आधी, मी स्वतः हा विषय मंडळीपुढे ठेवीन. त्यांना ते अपेक्षित नव्हतं. टोपी घातली.

"पण शास्त्राप्रमाणे साक्षीदार लागतो, बंधू."

"साक्षीदार मी!"

शुक्रवार, २८ मार्च

पुलावर जुन्या चर्चचे पाद्री योर्दाके भेटले. सायकल हातात, दाढीत सूर्यफुलाच्या बियांची टरफलं. नेहमीप्रमाणे हसले. माझी खात्री आहे, यांनीच सफ्ताला फितवलं.

सरळ विचारलं. ते खो खो हसले. "मी? अहो, पाणी सोडणं हे बायकांचं राज्य. चर्चच्या कुठल्याच पोथीत नाही ते. मी माझ्या आईला विचारलं, हे कुठे लिहिलंय? तिने मला घरातून हाकललं. मला त्या बोलावतसुद्धा नाहीत, पाळकबुवा! त्या ओढ्यावर तुम्ही आणि मी सारखेच परके."

खरं बोलत असावेत. तेच जास्त झोंबलं. शत्रू तरी हवा ना समोर!

बुधवार, २ एप्रिल

दोकियाकडे गेलो. नव्वदीच्या घरात असेल, डोळे मात्र कोंबडीसारखे. ओसरीवर बसून हाताला आग लावणाऱ्या चिडव्याची कोवळी पानं भाजीसाठी निवडत होती, हातमोजे न घालता.

आम्हा बाप्तिस्तांना गाव ज्या नावाने चिडवतं त्याच नावाने म्हणाली, "ये रे पश्चात्तापवाल्या! बस. तुला उघडा नाचताना पाहिलंय मी, माझ्यापुढे पाळकाचा तोरा नको."

"दोकियाआजी, माझी बायको तुझ्याकडे पाणी का आणते?"

"मला तहान लागते म्हणून."

"कोणाच्या नावाचं पाणी?"

"शेवटच्या दिवशी कळेल की! आधी नाव फोडलं तर वाटेतच सांडतं."

मी चिडलो. म्हणालो, आजी, हा अंधार आहे. तुझ्याइतक्या वयाच्या बाईने देवाला काय तोंड दाखवायचं?

"माझं सगळं झालंय बाबा. मागे माझं कोणी उरलं नाही, म्हणून जिवंतपणीच करून घेतलं. चालतं तसं. पाणी सोडलं, घोंगडी दिली, शेळी दिली. बारा वर्षं झाली, मरणच येईना! तिकडे माझी शेळी दूध देऊन देऊन आटली असेल." स्वतःच हसली, ठसका लागला. मग म्हणाली, "तुमच्यात तर कोणीच कोणासाठी करत नाही म्हणे. तिकडे गेल्यावर काय दवबिंदू चाटणार रे?"

"तिकडे नदी आहे, आजी. जीवनाच्या पाण्याची. काचेसारखी स्वच्छ."

"असेल ना नदी. नाही कोण म्हणतं?" चिडव्याची पानं माझ्याकडे नाचवत म्हणाली, "पण भांडं?"

या बाईशी वाद घालणं म्हणजे कोंबड्यांपुढे व्याख्यान. उठलो. फाटकापर्यंत तिचं हसू ऐकू येत होतं.

रविवार, ६ एप्रिल

आज प्रवचनाला बायबलमधला तो श्रीमंत माणूस घेतला, ज्वाळांत उभा राहून जिभेवर फक्त एक थेंब मागणारा. स्वर्ग आणि नरकामधली दरी घेतली. म्हणालो, त्या दरीवर पूल नाही! एक थेंब ओलांडत नाही! मग तुमच्या बादल्या कुठे चालल्या?

शेवटच्या वाक्याला आवाज गेलाच. नुसतं खरखरलं. मंडळीला वाटलं मी भारावलो. तीन-चार जणी रडल्या. सफ्ता रडली नाही.

घरी आल्यावर पानात आंबट कोबी वाढत म्हणाली, "आजही पाणी प्यायला नाहीस."

"विषय बदलू नकोस. आजचं प्रवचन तुझ्यासाठी होतं."

"माहीत आहे."

"मला सगळं माहीत आहे, सफ्ता. दोकिया, झरा, सगळं."

"बरं."

बरं! मी काय काय ऐकायला तयार होतो. नकार, रडणं, साबिनचं नाव. माझी उत्तरं तयार होती. तिने पोळा उलटवावा तशी मामालिगा, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, पाटावर उपडी केली, दोऱ्याने कापली.

"थांबव ते," मी म्हणालो. "तुला मेजावरून उठवावं लागेल. मला!"

"उठव."

"एवढं काय आहे त्यात?"

"चाळीस दिवस होऊ देत. मग काय विचारायचं ते विचार. तोवर खा, गार होतंय. आणि माणसा, सावकाश गीळ."

सावकाश गीळ! मी काय लहान मूल आहे?

मंगळवार, ८ एप्रिल

पहाटे खिडकीतून पाहिलं. बादल्या उचलण्याआधी ती कंबर धरून उभी राहते. क्षणभर वाटलं, जाऊन एक तरी बादली घ्यावी.

याच फटीतून सैतान आत येतो. खिडकी लावली.

शुक्रवार, ११ एप्रिल

खात्री असणाऱ्या माणसाला झोप लागायला हवी. मला लागत नाही. ती शेजारी निवांत घोरते. दोषी कोण दिसतं?

आज तिने माझा चांगला सदरा धुऊन, इस्त्री करून बाजूला ठेवला. पांढरा, काळ्या भरतकामाचा, लग्नातला. "ईस्टरला आहे ना," म्हणाली. अजून ईस्टर लांब आहे. मला खूश ठेवण्याचा प्रयत्न, दुसरं काय! अशी लाच मी घेत नाही.

रविवार, १३ एप्रिल

प्रवचनमालेतलं शेवटचं. विषय: स्वर्गात भेटीगाठी. तिथे आपण एकमेकांना ओळखू का? ओळखू! माझा पक्का विश्वास आहे. इथे जो चेहरा धूसर दिसतो तो तिथे स्वच्छ दिसेल. बोलता बोलता साबिन डोळ्यांपुढे आला आणि वाक्य अर्धवट राहिलं. सावरलं. पेल्याकडे हात गेला होता, तो मागे घेतला. सफ्ताने तेही पाहिलं.

बाहेर पडताना ओनिसिमने हात दाबला. "खंबीर राहा, बंधू." त्या दाबण्यात सहानुभूती कमी आणि वजन किती हे अजमावणं जास्त.

लुक्रेत्सिया दारात थांबली होती. गेल्या वर्षापासून माझ्याशी बोलत नाही. आज बोलली. "भगिनी सफ्ताला उठवाल तेव्हा शेगडीजवळची बाजू द्या तिला. मागे वारा लागतो." टोमणा होता की काय, ठरवता येईना. चेहरा साधा होता.

गुरुवार, १७ एप्रिल

रविवारचं निवेदन तयार केलं. थोडकं, न्यायाचं, कुणाचा अपमान नाही. "माझ्या घरापासून न्याय सुरू होतो." चांगलं वाक्य आहे. मोठ्याने म्हणून पाहिलं. आवाज फुटला नाही. पुन्हा पाहिलं. पुन्हा नाही. रविवारपर्यंत यायलाच हवा.

चाळिसावा दिवस शनिवारी. मेलेल्यांचा शनिवार! तिने नेमका धरलाय. ओढ्याकाठी वाळुंजाच्या झाडांची दाटी आहे, गावातले लोक रविवारी चर्चमध्ये न्यायला फांद्या तोडायला येतात ते सूर्य वर आल्यावर. मी त्याआधी जाऊन बसणार. साबिनचं नाव माझ्या कानांनी ऐकायचं, तिने नाकारायला जागा ठेवायची नाही. कोणी म्हणू नये, पाळकाने ऐकीव गोष्टीवर बायकोला उठवलं.

शनिवार, १९ एप्रिल

वाळुंजांच्या मागे, चिखलात, चोरासारखा बसलो होतो.

सफ्ता आली, मागून दोकिया काठी टेकत. बाकी कोणी नाही. ओल्या गवतावर सफ्ताने शेवटची बादली ठेवली. शेजारी घडी घातलेला माझा पांढरा सदरा. त्यावर पांढरा मग. कान तुटलेला.

मी अजूनही साबिनचीच वाट पाहत होतो! एवढं सगळं दिसत असताना.

भोपळ्याच्या कवटीत मेणबत्ती लावून तिने पाण्यावर सोडली आणि मोठ्याने म्हणाली, "हे पाणी मी सेवेरसाठी वाहिलं. माझ्या नवऱ्यासाठी. जिवंत आहे तोवर. साक्षीला कोण आहे?"

दोकिया म्हणाली, "आधी सांग, त्याला सांगितलंस का डॉक्टरने काय सांगितलं ते?"

"नाही. ईस्टरची प्रवचनं होऊ देत म्हटलं. पण तो गेल्यावर त्याच्या मंडळीतलं कोणी त्याला एक घोटसुद्धा देणार नाही, दोकियाआजी. त्यानेच शिकवलंय त्यांना. आणि इथे तरी तो कुठे पितो?"

तो बाक. तो बंद दरवाजा. शिक्के आणि कागद!

तिने पुन्हा विचारलं, "साक्षीला कोण आहे?" दोकिया काठीने गवत ढोसत वाळुंजांकडे पाहत होती. म्हातारीला मी आल्यापासून दिसलो होतो.

सफ्ताने तिसऱ्यांदा विचारलं.

उठलो. तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. आयुष्यभर ज्यावर जगलो तो आवाज! नुसता हात वर केला.

सफ्ताने पाहिलं. रागावली नाही, दचकली नाही. पांढरा मग बादलीत बुडवला आणि माझ्यापुढे धरला. "सावकाश," म्हणाली.

प्यायलो.

रविवार, २० एप्रिल

मी जे शिकवलं ते खरं आहे. त्यातला एक शब्द मागे घेतलेला नाही. बोलता येत नव्हतं, म्हणून निवेदन ओनिसिमच्या हातात दिलं. मेजावरून उठवायच्यांत सफ्ताच्या नावाखाली माझंही नाव लिहून.

भाकरीचं ताट पुढे फिरायला लागलं. सफ्ता मागे, शेगडीपाशी. मीही मागे गेलो. लुक्रेत्सिया बाकावर सरकली आणि वारा न लागणारी जागा मला दिली.